रुग्णवाहिकेवरील नाव ठळक, खर्चाचा तपशील पुसट
उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधील आरोग्यसेवेवर लोकप्रतिनिधींच्या निधीतून होणारा खर्च नागरिकांना कसा तपासता येईल?

शासकीय रुग्णालयाच्या आवारात उभी असलेली रुग्णवाहिका कोणत्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून आली, हे रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येते. मात्र ती केवढ्याला खरेदी करण्यात आली, मंजुरी केव्हा मिळाली, चालकाचा पगार व इंधनाचा खर्च कोणाच्या माथी आहे आणि गेल्या वर्षभरात तिने किती रुग्णांना वाहून नेले, याची माहिती गाडीवर नसते. बहुतेक वेळा ती अन्यत्रही सहजासहजी सापडत नाही. आमदार व खासदारांच्या शिफारशीने आरोग्यावर खर्च होणारा पैसा हा करदात्यांचाच पैसा असल्याने त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार नागरिकांना आहे. हा हिशेब कोठे असतो, तो एकत्र का दिसत नाही आणि तो मिळवायचा कसा, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

येथे एक खुलासा करणे योग्य होईल. आमदारांना व त्यांच्या कुटुंबीयांना मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत विवेचन लोकप्रतिनिधींनी मतदारसंघातील सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी सुचवलेल्या कामांपुरते मर्यादित आहे.

तीन शहरे, अनेक मालक

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार, तर कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. तिन्ही मिळून हा आकडा ९ लाख ३३ हजारांच्या घरात जातो. त्यानंतरची जनगणना लांबली आणि दरम्यानच्या काळात बदलापूर व अंबरनाथच्या वेशीपर्यंत उंच इमारती उभ्या राहिल्या. लोकसंख्येचा खरा भार कागदावरील आकड्यापेक्षा मोठा आहे, हे सकाळच्या लोकलच्या गर्दीवरून कोणाच्याही लक्षात येईल.

या लोकसंख्येसाठी असलेली सार्वजनिक रुग्णालये मात्र एका छत्राखाली नाहीत. उल्हासनगर कॅम्प क्रमांक ३ मधील मध्यवर्ती रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे आहे. या रुग्णालयात अंबरनाथ, बदलापूरपासून मुरबाड, कर्जतपर्यंतचे रुग्ण येतात. अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय पूर्वी नगरपालिकेकडे होते, पुढे ते राज्य शासनाकडे हस्तांतरित झाले. बदलापुरात शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे, तर दुबे रुग्णालय नगरपालिकेचे. कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजनेची व्यवस्था वेगळी. २०२४ मध्ये मान्यता मिळालेले अंबरनाथचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येते.

रुग्णाच्या दृष्टीने ही सर्व 'सरकारी' रुग्णालये आहेत. हिशेबाच्या दृष्टीने मात्र प्रत्येकाचे खाते निराळे, अंदाजपत्रक निराळे आणि माहिती देणारा अधिकारीही निराळा. पारदर्शकतेच्या प्रश्नाचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे.

निधी कोणाचा आणि किती?

महाराष्ट्रातील आमदार स्थानिक विकास कार्यक्रम खासदार निधीहूनही जुना असून १९८० च्या दशकापासून तो राबवला जात आहे. गेल्या काही वर्षांत या निधीत झपाट्याने वाढ झाली. २०२० पर्यंत प्रत्येक आमदारास वर्षाला २ कोटी रुपये उपलब्ध होत असत. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात ही रक्कम ३ कोटी, मार्च २०२१ मध्ये ४ कोटी आणि मार्च २०२२ मध्ये ५ कोटी करण्याची घोषणा झाली. म्हणजे पाच वर्षांच्या पूर्ण कारकिर्दीत एका आमदाराच्या शिफारशीवर २५ कोटी रुपयांची कामे होऊ शकतात. विधान परिषदेच्या सदस्यांनाही असाच निधी मिळतो.

खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेची घोषणा २३ डिसेंबर १९९३ रोजी झाली. पहिल्या वर्षी प्रत्येकी ५ लाख, १९९४-९५ मध्ये १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी रुपये, असा तिचा प्रवास आहे. कोरोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये ही योजना दोन वर्षांसाठी स्थगित करण्यात आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती पूर्ववत करून त्या वर्षाच्या उर्वरित काळासाठी प्रत्येकी २ कोटी आणि २०२२-२३ पासून पुन्हा ५ कोटी रुपये देण्याचा निर्णय झाला.

आकडे मोठे वाटले, तरी शहराच्या गरजेपुढे ते किती पुरतात, हेही पाहावे लागेल. अंबरनाथ शहराची २०११ ची लोकसंख्या धरून ५ कोटींचा संपूर्ण वार्षिक निधी वाटला, तर तो माणशी २०० रुपयांच्या आत येतो. त्यातूनच रस्ते, गटारे, समाजमंदिरे, शाळा आणि दवाखाने यांची मागणी पुरवायची असते. त्यामुळे आरोग्याच्या वाट्याला नेमके किती आले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सीमारेषांचा गुंता

आपला निधी कोणत्या खात्यात शोधायचा, हे समजण्यासाठी मतदारसंघांचा नकाशा डोळ्यांपुढे असावा लागतो. उल्हासनगर आणि अंबरनाथ हे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ असून अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उल्हासनगर शहराचा काही भाग मात्र शेजारच्या मतदारसंघांत मोडतो. बदलापूर शहर मुरबाड मतदारसंघात येते. म्हणजे बदलापूरकरांचा आमदार निधी मुरबाड तालुक्यातील गावांबरोबर वाटला जातो.

लोकसभेच्या पातळीवर उल्हासनगर व अंबरनाथ कल्याण मतदारसंघात, तर बदलापूर भिवंडी मतदारसंघात आहे. दोन्ही मतदारसंघांत प्रत्येकी सहा विधानसभा क्षेत्रे असल्याने खासदार निधीचा समान वाटा काढल्यास एका विधानसभा क्षेत्राला वर्षाला सुमारे ८३ लाख रुपये येतात. अर्थात, तो समान वाटावा असे बंधन नाही.

२०२४ च्या निवडणुकांत उल्हासनगरमधून कुमार आयलानी, अंबरनाथमधून डॉ. बालाजी किणीकर आणि मुरबाडमधून किसन कथोरे विधानसभेवर निवडून आले. कल्याणमधून डॉ. श्रीकांत शिंदे, तर भिवंडीतून सुरेश म्हात्रे लोकसभेवर गेले. एकाच मध्यवर्ती रुग्णालयाचा लाभ या सर्वांच्या मतदारांना होतो. साहजिकच त्या रुग्णालयाला किती लोकप्रतिनिधींकडून काय मिळाले, याची बेरीज करायची तर किमान पाच जणांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात. विधान परिषद व राज्यसभा सदस्यांचा निधी त्यापुढचा.

नगरसेवक नसलेली वर्षे

या भागात आमदार व खासदार निधीचे महत्त्व वाढण्याला आणखी एक कारण घडले. अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपालिकांतील लोकप्रतिनिधींची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये. त्यानंतर निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, प्रभागातील दवाखान्यासाठी सभागृहात प्रश्न विचारणारा सदस्य नाही, अशी ही वर्षे गेली. अंबरनाथ व बदलापूरच्या बाबतीत कोरोनाच्या दोन मोठ्या लाटा याच काळात येऊन गेल्या. अंबरनाथ व बदलापुरात तर पहिली लाट सुरू असतानाच सभागृहे विसर्जित झाली होती. आरोग्य सुविधांची मागणी घेऊन नागरिक ज्यांच्या दारात जाऊ शकत होते असे निवडून आलेले प्रतिनिधी म्हणजे आमदार आणि खासदार. त्यांच्या निधीचा हिशेब त्यामुळे अधिकच मोलाचा झाला.

निधीतून काय घेता येते, काय नाही?

या दोन्ही योजनांचा मूळ हेतू स्थानिक गरजेची, टिकाऊ स्वरूपाची सार्वजनिक मालमत्ता निर्माण करणे हा आहे. आरोग्याच्या क्षेत्रात दवाखान्याची इमारत, रुग्णालयातील एखादा कक्ष, क्ष-किरण वा तत्सम यंत्रे, रुग्णवाहिका, शववाहिका अशा गोष्टी त्यात बसतात. विहित अटी पाळून नोंदणीकृत संस्थांनाही काही मर्यादेपर्यंत साहाय्य देता येते.

आवर्ती खर्च मात्र यात बसत नाही. डॉक्टर, परिचारिका वा तंत्रज्ञ यांचे वेतन, औषधे, इंधन, यंत्राच्या देखभालीचा वार्षिक करार हा भार ती मालमत्ता ज्याच्या ताब्यात जाते त्या संस्थेने उचलायचा असतो. येथेच खरी मेख आहे. यंत्र आले आणि ते चालवणारा तंत्रज्ञ नसला, तर ते खोक्यातच राहते. रुग्णवाहिका आली आणि चालकाचे पद मंजूर नसले, तर ती आवारात उभी राहते. राज्यातील सार्वजनिक आरोग्य सेवेत मनुष्यबळाची कमतरता असल्याकडे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी आपल्या अहवालांतून लक्ष वेधले आहे. अशा स्थितीत 'अमुक लाख रुपये खर्च झाले' एवढ्या माहितीवरून सेवा सुधारली की नाही, हे ठरवता येत नाही. वस्तू वापरात आहे काय, हा हिशेबाचाच भाग मानला पाहिजे.

शिफारशीपासून देयकापर्यंत

लोकप्रतिनिधीच्या हाती थेट पैसा येत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आमदार केवळ कामाची शिफारस करतात. ते पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे जाते. या तिन्ही शहरांसाठी हे कार्यालय ठाण्यात आहे. काम नियमांत बसते काय, जागा कोणाच्या मालकीची आहे, याची छाननी झाल्यावर अंदाजपत्रक मागवले जाते. तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता मिळाली की सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, नगरपालिका वा संबंधित रुग्णालय यांच्यापैकी एकाला कार्यान्वयन यंत्रणा म्हणून नेमण्यात येते. त्यानंतर निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, देयक, उपयोगिता प्रमाणपत्र आणि शेवटी मालमत्तेचे हस्तांतरण, असा क्रम असतो.

यातील प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो. म्हणजे माहिती अस्तित्वात नसते, असे म्हणता येणार नाही. शिफारसपत्र व प्रशासकीय मान्यता नियोजन कार्यालयात, निविदा व देयके कार्यान्वयन यंत्रणेकडे, तर वस्तूची नोंद रुग्णालयाच्या साठा नोंदवहीत असते. वैद्यकीय यंत्रांच्या बाबतीत खरेदीचा मार्गही बदलत गेला आहे. २०१७ पासून शासकीय खरेदी हाफकिन महामंडळाच्या खरेदी कक्षामार्फत होऊ लागली. पुढे २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या यंत्राचा माग काढणाऱ्या नागरिकास त्यामुळे आधी खरेदी कोणी केली, हेच शोधावे लागते.

आमदार निधीखेरीजही लोकप्रतिनिधींच्या शिफारशीवर पैसा येतो, हे ध्यानात घ्यावे लागेल. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती जिल्हा वार्षिक योजनेत आरोग्यासाठी तरतूद करते. ग्रामीण भागात लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठी '२५१५' या लेखाशीर्षाखाली निधी मिळतो. नगरपालिकांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान दिले जाते. फलकावर यापैकी कोणत्याही निधीचे श्रेय 'यांच्या प्रयत्नातून' या एकाच वाक्प्रचाराने घेतले जाते. पैसा कोणत्या योजनेचा होता, हे वाचणाऱ्यास कळत नाही.

माहिती आहे, पण विखुरलेली

खासदार निधीच्या बाबतीत परिस्थिती तुलनेने बरी आहे. ही योजना केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाकडे आहे. १ एप्रिल २०२३ पासून नव्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या आणि शिफारशीपासून देयकापर्यंतचे व्यवहार 'ई-साक्षी' या संगणकप्रणालीतून होऊ लागले. योजनेच्या संकेतस्थळावर खासदारनिहाय माहिती पाहता येते.

राज्याच्या बाजूने पाहिले, तर 'बीम्स' या प्रणालीवर राज्याच्या अर्थसंकल्पातील तरतूद व निधीवितरण दिसते. वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य यासाठी महसुली खर्चाचे लेखाशीर्ष २२१० आणि भांडवली खर्चाचे ४२१० आहे. शासन निर्णयही शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह प्रसिद्ध होतात. परंतु ही सारी रचना लेखाशीर्ष, योजना आणि आहरण व संवितरण अधिकारी यांच्यानुसार केलेली आहे. 'छाया रुग्णालयाला गेल्या पाच वर्षांत कोणत्या लोकप्रतिनिधीच्या निधीतून काय मिळाले,' या साध्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून थेट निघत नाही. हिशेबनीसाच्या सोयीने मांडलेली माहिती आणि नागरिकाच्या सोयीने मांडलेली माहिती यांत हा फरक आहे.

मुंबईच्या बाबतीत प्रजा फाउंडेशनसारखी संस्था आमदारांच्या कामगिरीचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करत आली आहे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या मतदारांना अशा नियमित मूल्यमापनाची सोय नाही.

कोरोनाकाळाचा धडा

एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, प्रत्येक आमदाराला आपल्या निधीतील १ कोटी रुपये कोरोना उपाययोजनांसाठी वापरता येतील, अशी घोषणा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केली. राज्यभरात त्यातून सुमारे ३५० कोटी रुपये उपलब्ध होणार होते. उल्हासनगर, अंबरनाथ व मुरबाड या तीन मतदारसंघांपुरता विचार केला, तर ही मर्यादा ३ कोटी रुपयांची होते.

प्राणवायूसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते, त्या दिवसांत कागदपत्रांची पूर्तता मागे पडली असेल, तर ते समजण्यासारखे आहे. साथ ओसरल्यानंतर मात्र हिशेब मांडण्यास वेळ मिळाला होता. त्या निधीतून कोणती यंत्रे आली, ती तात्पुरत्या केंद्रांतून कोणत्या रुग्णालयात हलवण्यात आली, त्यांपैकी किती चालू आहेत, ही यादी प्रत्येक शहराच्या प्रवेशद्वारावर नाही, तरी निदान पालिकेच्या व नियोजन कार्यालयाच्या संकेतस्थळावर असणे अपेक्षित आहे. पुढील साथीच्या वेळी तीच यंत्रे पुन्हा विकत घ्यायची की नाही, हे त्या यादीवरूनच ठरेल.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्रात त्यापूर्वीच राज्याचा स्वतंत्र कायदा होता. केंद्रीय कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने काही बाबी कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या आहेत. प्रत्येक अभिकरणाला दिलेली तरतूद, प्रस्तावित खर्च आणि केलेल्या वितरणाचे अहवाल यांचा त्यात स्पष्ट समावेश आहे. नागरिकांना अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी, यासाठी ही माहिती इंटरनेटसह विविध मार्गांनी ठरावीक काळाने द्यावी, असेही त्याच कलमात म्हटले आहे.

खासदार निधीच्या घटनात्मक वैधतेला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ मे २०१० रोजी फेटाळले. योजनेच्या अंमलबजावणीवर देखरेख व उत्तरदायित्वाची व्यवस्था आहे, हा त्या निकालातील एक महत्त्वाचा आधार होता. त्याच सुमारास महालेखापरीक्षकांनी केलेल्या या योजनेच्या परीक्षणात मालमत्तेच्या नोंदवह्या न ठेवण्यासारख्या त्रुटी निदर्शनास आल्या. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही या निधीच्या पारदर्शकतेसाठी कायदेशीर चौकट असावी, अशी शिफारस केली. नोंदवहीच नसेल, तर दहा वर्षांपूर्वी दिलेले यंत्र कोठे गेले, हे माहिती अधिकाऱ्यालाही सांगता येणार नाही.

खासगीपणाचा प्रश्नही येथे लक्षात घ्यावा लागतो. रुग्णाचे नाव, आजार, त्याला मिळालेली वैयक्तिक मदत ही माहिती जपलीच पाहिजे. यंत्राची किंमत, पुरवठादार, मंजुरीचा दिनांक आणि वापराचे एकूण आकडे यांत मात्र कोणाच्याही खासगी आयुष्याचा भंग होत नाही. रुग्णाच्या गोपनीयतेचे कारण पुढे करून खरेदीची माहिती नाकारली जात असेल, तर नागरिकांनी अपील करणे योग्य होय.

नागरिकांनी काय करावे?

अर्ज करण्यापूर्वी नेमका प्रश्न ठरवणे हिताचे असते. 'आरोग्यावर झालेल्या खर्चाची सर्व माहिती द्यावी' असा मोघम अर्ज केला, तर उत्तरही मोघम येते. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा, असा नियम आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये असून ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे.

जिल्हा नियोजन अधिकारी, ठाणे यांच्याकडे एका विशिष्ट मतदारसंघाची व विशिष्ट आर्थिक वर्षांची, आरोग्यविषयक कामांची यादी मागता येईल. तीत कामाचे नाव, शिफारशीचा व प्रशासकीय मान्यतेचा दिनांक, मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि कार्यान्वयन यंत्रणा एवढे रकाने मागावेत. ही यादी हाती आल्यावर दुसरा अर्ज त्या यंत्रणेकडे करून कार्यादेश, देयक व हस्तांतरणाची कागदपत्रे मागता येतात. तिसरा अर्ज रुग्णालयाकडे करावा. साठा नोंदवहीतील नोंद, देखभाल कराराची मुदत आणि रुग्णवाहिकेची धावनोंदवही यांच्या प्रती त्यात मागाव्यात.

अर्ज चुकीच्या कार्यालयाकडे गेला, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. ठाणे जिल्ह्यासाठी आयोगाचे कोकण खंडपीठ आहे. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीस बराच काळ लागतो, हा सर्वत्र येणारा अनुभव लक्षात घेता पहिला अर्जच काटेकोर असावा.

प्रती मागण्याऐवजी अभिलेखांची पाहणी करण्याचा मार्गही खुला आहे. जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहण्यास उपलब्ध करून द्यावेत, असे शासनाने २०१८ मध्ये ठरवले. कायद्यातील 'माहितीचा अधिकार' या संज्ञेत कामाची पाहणी करण्याचाही समावेश आहे. नोंदवहीत असलेले यंत्र प्रत्यक्षात कक्षात आहे काय, हे नागरिक रीतसर अर्ज करून पाहू शकतात.

अर्जाविना माहिती मिळावी

प्रत्येक रुग्णवाहिकेसाठी तीन अर्ज करावे लागणे, ही काही आदर्श व्यवस्था नव्हे. नोकरीसाठी पहाटे बदलापूरहून निघून रात्री परतणाऱ्या माणसाकडून तशी अपेक्षा करणेही अवाजवी ठरेल. राजस्थान सरकारने १३ सप्टेंबर २०१९ रोजी 'जन सूचना पोर्टल' सुरू करून अनेक विभागांची माहिती एकाच ठिकाणी, अर्जाशिवाय उपलब्ध केली. कलम ४ चा अर्थ प्रत्यक्षात काय होऊ शकतो, याचे ते चांगले उदाहरण आहे.

ठाणे जिल्ह्यात याच धर्तीवर रुग्णालयनिहाय एक साधा तक्ता प्रसिद्ध करणे अवघड नाही. वस्तू वा काम, लोकप्रतिनिधी, निधीची योजना, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, पुरवठादार वा ठेकेदार, हस्तांतरणाचा दिनांक, देखभालीची जबाबदारी आणि सद्यःस्थिती एवढे नऊ रकाने त्यासाठी पुरेसे आहेत. पहिल्या सात रकान्यांची माहिती आजही शासकीय कागदांत असते. शेवटचे दोन रकाने भरण्यासाठी रुग्णालयाने वर्षातून दोनदा आपल्या नोंदवह्या तपासाव्या लागतील. तोच तक्ता रुग्णालयाच्या दर्शनी भागात मराठीत लावला, आणि उल्हासनगरमध्ये सिंधी भाषकांसाठी त्यांच्याही भाषेत लावला, तर संगणक न वापरणाऱ्या रुग्णालाही तो वाचता येईल.

अशा प्रसिद्धीचा लाभ लोकप्रतिनिधींनाही आहे. यंत्र बंद पडले की दोष बहुधा ज्यांचे नाव फलकावर असते त्यांच्यावर येतो. वस्तुतः देखभाल करार न करण्याची किंवा तंत्रज्ञाचे पद रिक्त ठेवण्याची जबाबदारी अन्य कोणाची असू शकते. तक्त्यातील रकाना ही जबाबदारी स्पष्ट करील.

हिशेब कशासाठी?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला आणि संपूर्ण जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. ठाण्याच्या जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या जुन्या इमारतीच्या जागी नवे बांधकाम हाती घेण्यात आल्याने कळव्यातील रुग्णालयावर त्या काळात मोठा भार होता. ठाणे महापालिकेच्या या रुग्णालयात शहराबाहेरचेही रुग्ण मोठ्या संख्येने येतात. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूरच्या रुग्णालयात अतिदक्षता खाट, तज्ज्ञ किंवा चालू यंत्र मिळाले नाही, तर तेथील रुग्णाला ठाणे, कळवा किंवा थेट मुंबई गाठावी लागते. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटरवर आहे. अत्यवस्थ रुग्णासाठी हे अंतर फार मोठे असते.

अंबरनाथमध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने पुढील काही वर्षांत या भागात इमारती, यंत्रे आणि खाटा यांवर मोठा खर्च होणार आहे. त्यात लोकप्रतिनिधींच्या शिफारशीचा निधीही असेल. हा खर्च सुरू होत असतानाच त्याची नोंद सार्वजनिक करण्याची पद्धत घातली, तर दहा वर्षांनी जुन्या नोंदवह्या धुंडाळण्याची वेळ येणार नाही. त्यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. २००५ च्या कायद्यातील कलम ४ चे पालन केले तरी पुरेसे आहे.